तलवार दुसऱ्याच्या हाती

मूर्खपणा कबूल करायचाच तर त्याला प्रस्तावना लावू नये. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात, आयर्लंडमधल्या ल्यूकन गावातल्या एका स्वयंपाकघरात, मी माझ्या मुलाचा निरोप माझ्या सुनेला सांगितला. निरोप एवढाच होता, की त्याला यापुढे तिच्याबरोबर राहायचं नाही. मी तो इतका घोळवून, गूळ घालून, वरून खोबरं-कोथिंबीर पेरून सांगितला, की सांगून झाल्यावर माझं मलाच वाटलं, वा बाई, एक संसार वाचवलास. वय सहासष्ट. मिरजेतल्या मुलींच्या शाळेत उभा जन्म इतिहास शिकवण्यात गेलेला. त्याच टेबलावर, त्याच आठवड्यात, मी नातीला अमेरिकेचं इंग्रजांशी झालेलं स्वातंत्र्ययुद्ध शिकवत होते. आणि त्या युद्धातली सगळ्यात केविलवाणी कामगिरी आपण नुकतीच पार पाडली आहे, हे या विदुषीच्या ध्यानात आलं नाही.

आज तीन वर्षांनी पुन्हा जून आहे आणि पुन्हा ऊन पडलं आहे. वर्षभर या देशाचं आभाळ न पिळलेल्या फडक्यासारखं डोक्यावर लोंबत असतं, पण शाळांच्या परीक्षा सुरू झाल्या की कुठून कोण जाणे, लख्ख ऊन येतं. इथली माणसं त्याला परीक्षेचं ऊनच म्हणतात. शेजारची बाई कुंपणावरून म्हणते, "बिचारी पोरं," आणि स्वतः खुर्ची टाकून उन्हात पाय सोडून बसते. सगळ्या वसाहतीत गवत कापायची यंत्रं घरघरत असतात. कापलेल्या गवताचा ओला, कच्चा वास. कुणाच्या तरी मागच्या अंगणात निखाऱ्यांवर काही भाजत असल्याचा धूर. आमची नात रेवा सकाळी लीव्हिंग सर्टच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, पेपरला गेली. जाताना मी तिच्या तळहातावर दही ठेवलं. "ग्रँड, आजी, ग्रँड," म्हणत तिनं ते चाटलं आणि हात जीन्सला पुसला. इथे सगळंच ग्रँड असतं. हवा ग्रँड, जेवण ग्रँड, तब्येत ग्रँड. मोडलेल्या घराची चौकशी केली तरी उत्तर तेच मिळतं.

तीन वर्षांपूर्वी तिची ज्युनिअर सर्ट होती, आपली दहावी समजा. त्या हंगामाबद्दल लिहायचं म्हणते आहे आणि मन मात्र सारखं मिरजेकडे पळतं आहे. आमच्याकडे परीक्षा म्हणजे मार्च-एप्रिल. वर्गाबाहेर माठ, माठावर उपडा पेला, पुरवण्या बांधायचे पांढरे दोरे आणि खिडकीतून येणारा कडुनिंबाच्या फुलोऱ्याचा वास. त्या हंगामात मी एक नंबरची हुकूमशहा असे. वय सव्वीस, खळ घातलेली साडी, चालले की कागद चुरगळल्यासारखा आवाज. फळ्याच्या डाव्या बाजूला लिहायची 'कारणे', मध्ये 'घटनाक्रम', उजवीकडे 'परिणाम'. जगातलं कुठलंही युद्ध आणा, माझ्या या तीन रकान्यांत मावत असे. मी बजावायची, "कारणं पाच लिहायची. चार लिहिलीत तर युद्ध झालंच नाही असं समजून शून्य देईन." मुली मुकाट्यानं पाच लिहायच्या आणि युद्ध व्हायचं.

त्या सव्वीस वर्षांच्या बाईला मी आज भेटले तर तिच्या हातातला खडू काढून घेईन. तिला पाच कारणं तोंडपाठ होती, एकही कळलेलं नव्हतं. ती सांगायची, फ्रेंचांशी मोठं युद्ध जिंकताना इंग्लंडचा खजिना रिता झाला. मग त्यांनी समुद्रापलीकडच्या आपल्याच वसाहतींकडे पाहिलं. आम्ही तुमचं रक्षण केलं, आता खर्चाला हातभार लावा. कागदावर कर, काचेवर कर, चहावर कर. वसाहतवाले म्हणाले, तुमच्या संसदेत आमचा एक माणूस नाही, मग आमच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण? बोस्टनमध्ये सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पुढे चहाच्या पेट्या समुद्रात गेल्या. बंदराला टाळं लागलं. हे सगळं ती घडाघडा सांगायची आणि चहाच्या पेट्यांपाशी मुली हसल्या की खूश व्हायची.

खरी गंमत अशी, की ज्या चहावरून रान पेटलं तो चहा त्या कायद्यानं उलट स्वस्त झाला होता. मग भांडण कशाचं? आमच्याविषयीची गोष्ट आम्हाला न विचारता परस्पर ठरवलीत, याचं. पाच कारणांत हे कारण सगळ्यांच्या पोटात होतं. मी ते कधी सुटं काढून मुलींसमोर धरलं नाही. मला ते माझ्या सुनेनं शिकवलं, आणि तिचा विषय सॉफ्टवेअर.

माझी सून वृषाली नागपूरची. बोलायला थेट, चालायला भरभर. मुलगा मंदार केमिकल इंजिनिअर. दोघं लग्नानंतर इथे आली, ल्यूकनमध्ये घर घेतलं. एकासारखं एक, ओळीनं उभं केलेलं विटांचं घर. मी पहिल्यांदा आले तेव्हा दोनदा शेजाऱ्यांच्या दाराशी जाऊन किल्ली फिरवत उभी राहिले होते. सोळाच्या आदल्या वर्षी मंदारला कॉर्कच्या औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. आठवडाभर तिकडे, शुक्रवारी संध्याकाळी गाडीनं घरी, असं चाललं होतं. मे महिन्यात त्याचा फोन आला, "आई, रेवाची परीक्षा आहे. इतिहास तिला जड जातो. तू ये ना, तुझाच विषय आहे."

तुझाच विषय आहे म्हटल्यावर म्हातारी विरघळली. तीन महिन्यांचा व्हिसा, बॅगेत भडंग, गोडा मसाला आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी जपून ठेवलेला लाल पेन. पोरानं इतिहासासाठी बोलावलं असं मी विमानात शेजारच्या माणसालाही सांगितलं. त्यानं कानात बोळे घातले.

रेवाला तेव्हा पंधरावं लागलं होतं. तिला मराठी समजतं सगळं, पण उत्तर इंग्रजीत येतं, तेही इथल्या चालीवर, वाक्याच्या शेवटी सूर उंच उडवून. ती जे बोलली ते मी आपल्या भाषेत लिहिते आहे. फक्त तिचं 'युअर मॅन' तसंच ठेवते. इथे ज्या पुरुषाविषयी बोलणं चाललं असेल तो 'युअर मॅन', मग तो दूधवाला असो नाही तर राजा असो.

संध्याकाळी जेवणं झाली तरी बाहेर पांढरा उजेड असायचा. आम्ही दोघी टेबलावर. कारणं झाली. घटनाक्रम सुरू झाला. इंग्रज फौजेनं शेतकऱ्यांच्या पोरांना हसण्यावारी नेलं, पहिल्या टेकडीवर इंग्रज जिंकले, पण माणसं इतकी गमावली की तो विजय कुणाला दाखवायची सोय राहिली नाही. मग स्वातंत्र्याचा जाहीरनामा. मग साराटोगाला एक अख्खी इंग्रज फौज शरण आली आणि ते बघून फ्रेंच युद्धात उतरले. त्याच हिवाळ्यात वसाहतींचे सैनिक फाटक्या बुटांनी बर्फात मुक्काम करून होते.

"फ्रेंचांना अमेरिकेचा एवढा पुळका का?" रेवानं विचारलं.

"पुळका कसला. इंग्रजांचा राग."

"म्हणजे आईवरच्या रागापायी कुणीतरी मुलीला मदत केली?"

"तसं लिहू नकोस. राजकीय हितसंबंध लिही."

ती लिहायची. लिहिता लिहिता पेन चावायची. एकदा मी तिला सांगितलं, की शेवटच्या लढाईत जो इंग्रज सेनापती हरला त्याला घरी बसवलं नाही, बढती देऊन आमच्याकडे हिंदुस्थानात पाठवलं, गव्हर्नर जनरल म्हणून. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. मिरजेच्या मुलींनी ते इतक्या तऱ्हांनी लिहिलं आहे की मला खरं कोणतं ते आता सांगता येणार नाही.

रेवा म्हणाली, "हा तर आमच्याकडे पण आला होता. सतराशे अठ्ठ्याण्णवच्या बंडात. आम्हाला शाळेत होता."

आमच्याकडे म्हणजे आयर्लंडमध्ये. माझ्या नातीचं 'आमच्याकडे' वेगळं आणि माझं 'आमच्याकडे' वेगळं, आणि त्या हरलेल्या माणसाला दोन्हीकडे जागा मिळाली. आमच्याकडे तो टिपूवर चालून गेला तेव्हा आपले मराठे त्याच्या बाजूला होते. हे वाक्य मी वर्गात नेहमी घाईघाईनं वाचत असे, शेजारच्या घरातलं भांडण ऐकू आल्यावर खिडकी लावावी तसं.

"युअर मॅन बराच फिरला," रेवा म्हणाली आणि हसली. त्या जूनमधलं तिचं ते हसू मला अजून दिसतं. त्यानंतर ती माझ्याशी बरेच दिवस हसली नाही.

शुक्रवारी मंदार आला नाही. फोन आला. दुपारची वेळ, घरात मी एकटी, दोरीवरच्या चादरी काढत होते. तो म्हणाला, अंगात कणकण आहे, येत नाही. मी म्हणाले, आलं-गवती चहा घे. मग म्हणाला, "आई, मला आता तिकडे राहायला यायचं नाहीये. इथे कुणीतरी आहे. वर्ष झालं. तू वृषालीशी बोल. मी बोललो तर भांडण होईल. तू नीट सांगतेस."

तू नीट सांगतेस. चादर काखेत धरून मी उभी, आणि मला, खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं ते वाटलंच, पण त्याच्या खाली कुठेतरी अभिमानाचा एक बारीकसा उमाळाही आला. पोराला अजून आपली गरज आहे.

वृषाली संध्याकाळी आली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच, उभ्याउभ्याच चहा पीत होती. मी सुरुवात केली. मंदार थकला आहे म्हणाले. थोडे दिवस वेगळं राहून बघू दे म्हणाले. 'कुणीतरी आहे' हे मी 'त्याचं मन जरा भरकटलं आहे' असं सांगितलं. आणि मग, मास्तरीण ना मी, कारणांशिवाय मला पुढे जाताच येईना. तू उशिरा येतेस. तुझं बोलणं तोडून टाकल्यासारखं असतं. शनिवारी तो घरी असतो तेव्हा तू लॅपटॉप उघडतेस. सणावाराला साडी नेसत नाहीस. शेवटचं कारण काय दिलं ते आता आठवत नाही. पण पाच भरली असणार, चारवर मी थांबले नसते. आणि समारोप केला, "तू जरा जुळवून घे, तो येईल परत."

तिनं कप खाली ठेवला. "आई, हे त्यानं सांगितलं, की तुम्ही जोडलं?"

मी म्हणाले, "तुमच्या भल्यासाठीच सांगते आहे."

"म्हणजे माझं काय करायचं ते तुम्ही मायलेक फोनवर ठरवून राहिले." एरवी तिची भाषा पुण्यामुंबईची. आतून काही हललं की नागपूर वर येतं. तिनं आवाज चढवला नाही. कप धुतला, पुसला, प्रेसमध्ये ठेवला. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. प्रेसचं दार हळू लावलं आणि वर गेली.

मी मंदारला फोन केला. म्हणाले, सांगितलं रे, शांतपणे ऐकून घेतलं तिनं. तो म्हणाला, "थँक यू, आई. तू ग्रेट आहेस." आणि ग्रेट बाई त्या दिवशी दोन घास जास्त जेवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अभ्यासाला यॉर्कटाऊन होतं. माझा आवडता भाग. यॉर्कटाऊनला इंग्रजांची मोठी फौज कोंडली गेली. पुढून वसाहतींचं आणि फ्रेंचांचं सैन्य, मागे समुद्र, आणि समुद्रात फ्रेंच आरमार. शरण जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. शरणागतीचा दिवस ठरला. सैन्यं दोन बाजूंना रांगा करून उभी. आता सेनापतीनं यायचं आणि आपली तलवार द्यायची. तर सेनापतीचा निरोप, प्रकृती ठीक नाही. त्यानं हाताखालच्या अधिकाऱ्याला तलवार देऊन पाठवलं. तो बिचारा आडनावावरून आयरिश घराण्यातला. त्यानं तलवार आधी फ्रेंच सेनापतीपुढे केली. फ्रेंच म्हणाला, मला नको, त्यांना द्या. अमेरिकन सेनापती म्हणाला, तुमच्याकडून हाताखालचा आला, तर आमच्याकडूनही हाताखालचाच घेईल. अशी ती तलवार लग्नातल्या नकोशा आहेरासारखी या हातातून त्या हातात फिरली.

हे मी वर्गात नकलेसकट करायची. हातात फूटपट्टी घेऊन, मान खाली घालून, आजारी सेनापतीचं कण्हणं, मग हाताखालच्याची लाचार चाल. मुली बाकं वाजवायच्या. त्या दिवशीही मी रेवाची पट्टी उचलली आणि टेबलाभोवती फिरून सगळं करून दाखवलं.

रेवा हसली नाही. तिनं विचारलं, "युअर मॅन खरंच आजारी होता?"

"छे. लाज वाटत होती."

"आणि तलवार घेऊन गेला त्याला माहीत होतं, की हा आजारी नाही?"

"असणारच माहीत."

"मग तो का गेला?"

"हुकूम होता. विश्वासातला माणूस होता."

तिनं वहीत काही लिहिलं नाही. पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आजी, बाबाला ताप आहे का?"

ती आदल्या दिवशी जिन्यात होती. सगळं ऐकलं होतं, पाचही कारणं. मी हातात पट्टी धरून तशीच उभी. बाहेर कुठेतरी गवताचं यंत्र बंद पडलं आणि एकदम शांत झालं. "हो, आहे थोडा," असं माझ्या तोंडून निघून गेलं, इतकी सवय. तिनं पुस्तक मिटलं. "बरं," म्हणाली, आणि वर निघून गेली, आईच्या खोलीत.

सवय कधीची, ते सांगते. मंदार लहान होता तेव्हा त्यानं चेंडूनं शेजाऱ्यांची काच फोडली. माफी मागायला मी गेले. म्हणाले, त्याला ताप आहे हो. ताप नव्हता, आतल्या खोलीत बसून तो गोष्टीचं पुस्तक वाचत होता. पुढे मुलगी बघायचे दिवस आले. लिमयांच्या नीलिमाशी तो दोन महिने फोनवर बोलला, तिच्याबरोबर फिरायला गेला, आणि मग मला म्हणाला, आई, नको वाटतंय, तू सांग. मी सांगितलं. आपल्यात सांगायची रीत ठरलेलीच आहे, 'पत्रिका जुळत नाही'. पत्रिका मी पाहिलीसुद्धा नव्हती. नीलिमाच्या आईनं फोनवर म्हटलं, बरं, आणि मी फोन ठेवून मनाशी म्हटलं, किती छान निभावलं. आपल्या घराघरांत अशी एकेक बाई असते, नकार पोचवणारी. तिचं कौतुक होतं. ती गोड बोलते, कुणाला दुखवत नाही. तिच्या गोड बोलण्याच्या आडोशाला एक धडधाकट पुरुष पांघरूण घेऊन पडलेला असतो, तो कुणाला दिसत नाही.

मंगळवारी मी कॉर्कला गेले. वृषालीला म्हणाले, मंदारकडे जाऊन येते. तिनं विचारलं नाही, कशाला. मला डब्लिनच्या स्टेशनवर सोडून ऑफिसला गेली. माझ्या साडीवर स्वेटर, पायात बूट, पिशवीत डबा. गाडीच्या खिडकीतून हिरवं, हिरवं आणि हिरवं, मध्ये गाई बसलेल्या. पोर्टलीशच्या आसपास समोरच्या बाईनं मला बिस्किट दिलं आणि विचारलं, कुणाकडे? मी म्हणाले, मुलाकडे, तो आजारी आहे. "अरे देवा, बिचारा," ती म्हणाली. बघा. गाडीत, परक्या बाईला, काही गरज नसताना. बिस्किट मी डब्याशेजारी पिशवीत टाकलं.

गाडीत मी एक झकास वाक्य तयार केलं होतं, यॉर्कटाऊनवरून, इतिहासाच्या बाईंना शोभेल असं. मंदारनं दार उघडलं. केस ओले, शर्ट इस्त्रीचा, दाढी गुळगुळीत. दाराजवळच्या खुंटीवर एक पिवळा बायकी रेनकोट. माझं वाक्य तिथेच वाहून गेलं. मी म्हणाले, "जेवलास का?"

डबा उघडून त्याला वाढलं. तो जेवला. मी बघत होते. चाळीस वर्षांचा बाप्या, अजून भेंडी वेगळी काढतो.

"ताप उतरला?" मी विचारलं.

"आई, प्लीज."

"तू ये आणि तिच्यासमोर बसून सांग. आणि पोरीलाही."

"मला नाही जमत ते. तुला जमतं."

"मला जमतं म्हणून तुला जमत नाही."

तो ताटाकडे बघत म्हणाला, "आता शिकवतेस? नीलिमाला सांगायचं होतं तेव्हा मी म्हटलं होतं तुला, आई, मी एकदा भेटून सांगू का. तू म्हणालीस, तू नको पडूस त्यात."

असं मी म्हणाले होते का? म्हणाले असणार. मला आठवत नाही आणि त्याला आठवतं, यातच सगळं आलं. तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना मी तो शरणागतीचा प्रसंग हसत करून दाखवला आणि घरात एक सेनापती वाढवला. मी उठले, डबा विसळला. म्हणाले, "रविवारी ये. माझ्या तोंडून आता एक अक्षर जाणार नाही." तो चिडला. म्हणाला, तू माझी आई आहेस ना. हे वाक्य पोरं दोनच वेळा म्हणतात, लहानपणी अंधाराची भीती वाटली की आणि मोठेपणी आपलं चुकलं की.

त्या युद्धाबद्दल एक गोष्ट मुली हमखास विसरायच्या. यॉर्कटाऊनला लढाई संपली, पण तह व्हायला आणखी दोन वर्षं गेली. मधला काळ कुणी नीट लिहीत नाही, कारण त्याला गुण नाहीत. इंग्रज फौजा तिथेच, जिंकलेले तिथेच, एकमेकांकडे बघत. इथल्या कायद्यात नवरा-बायको चार वर्षं वेगळी राहिल्याशिवाय घटस्फोट मिळत नसे. गेल्या महिन्यात लोकांनी मत देऊन ती अट सैल करायला सांगितलं. वृषालीचा पासपोर्ट आता इथला आहे, तीही जाऊन मत देऊन आली. येताना दूध घेऊन आली. मंदार गेल्या वर्षी सिंगापूरला गेला, मोठ्या हुद्द्यावर. मला दिवाळीला फोन करतो, तब्येत विचारतो. मी सांगते, ग्रँड. यंदा व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र वृषालीनं दिलं. त्यात 'नातं' या शब्दापुढे तिनं काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, मुद्दामच.

रेवाच्या त्या इतिहासाच्या पेपरात युद्धाचा प्रश्न आला की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. मार्क बरे पडले. बारावीला तिनं इतिहास घेतला नाही. आता तिच्या बॅगेत गणिताची पुस्तकं असतात. गणितात माणसं नसतात, हा त्या विषयाचा मोठाच फायदा.

तर तो रविवार. मंदार आला. गाडी दाराशी लावून बराच वेळ आतच बसून होता. मी पडद्याआडून बघत होते, आणि माझे पाय सवयीनं दाराकडे निघाले होते, म्हणजे मीच बाहेर जाऊन त्याला घेऊन यावं, आधी दोन शब्द इकडे बोलावेत, दोन तिकडे. पाय मी खुर्चीच्या पायांत अडकवून धरले. ही माझ्या आयुष्यातली एकमेव शौर्यकथा. शेवटी तो उतरला. बेल वाजवली, स्वतःच्या घराची. वृषालीनं दार उघडलं. मी रेवाला घेऊन बाहेर पडले.

आम्ही कालव्याच्या काठानं चालत होतो. ऊन होतं. माणसं कुत्री घेऊन फिरत होती, पाण्यावर बदकांची रांग. वाटेत कुणीतरी म्हणालं, काय सुंदर दिवस आहे, आणि रेवा हो म्हणाली. मग ती मराठीत बोलली, आपणहून, अडखळत. "आजी, तू आधीच का नाही बाबाला म्हटलं, की तूच सांग?" मी खरं ते सांगितलं, "मला वाटलं, मी सांगितलं तर कमी लागेल."

"कुणाला?" तिनं विचारलं.

परत आलो तेव्हा गाडी नव्हती. घर तसंच होतं, ओळीतलं एक. आत टेबलावर दोन कप, दोन्ही भरलेले, साय धरलेली. रेवा आईच्या जवळ गेली, तिच्या दंडाला नुसतं टेकून उभी राहिली, मग वर गेली. वृषाली ओट्याशी पाठमोरी. तिचे डोळे मला दिसत नव्हते, आणि बरंच झालं. मी म्हणाले, "वृषाली, मी जे परवा बोलले…" आणि पुढे काही येईना. माझ्याकडे परक्यांना सांगायच्या सतरा सबबी तयार असतात, स्वतःचं एक वाक्य नव्हतं. माझं परतीचं तिकीट ऑगस्टचं होतं. मी म्हणाले, "तू म्हणत असशील तर मी तिकीट बदलून घेते. या आठवड्यात जाते."

तिनं नळ बंद केला. हात पुसले. वळली, आणि जे म्हणाली ते शब्द न् शब्द तिचं आहे, मी त्यात काही जोडलेलं नाही.

"आता तुम्ही गेल्या तरी चालते, आई. राहिल्या तरी चालते. भात किती जणांचा मांडू, तेवढं सांगा."